अपरिचित नगरात सेवेचे एक वर्ष
नायजेरियातील राष्ट्रीय युवक सेवा दलाचा अनुभव

विद्यापीठाची पदवी हाती पडली म्हणजे शिक्षण पुरे झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया या देशाने १९७३ साली ही समजूत कायद्यानेच बाजूस सारली. तीस वर्षांखालील प्रत्येक पदवीधराने नोकरीधंद्यास लागण्यापूर्वी एक वर्ष राष्ट्रसेवेत घालवावे आणि ते शक्यतो आपल्या राज्याबाहेर, जेथील भाषा, चालीरीती व माणसे आपणास अपरिचित आहेत अशा ठिकाणी घालवावे, असा दंडक त्या देशाने घातला. ‘राष्ट्रीय युवक सेवा दल’ या नावाने चाललेली ही योजना लष्करी व मुलकी अशा अनेक राजवटी येऊन गेल्या तरी टिकून आहे. २०२३ साली तिने पन्नास वर्षे पूर्ण केली.

समाजसेवेच्या योजना जगात पुष्कळ आहेत. परंतु सेवा करणाऱ्याचे परकेपण हाच जिचा मूलाधार आहे, अशी योजना विरळाच. या योजनेचा विचार कसा निर्माण झाला, तिची आखणी कशी आहे, तिच्यातून काय साधले आणि काय साधले नाही, हे समजून घेणे आपल्याकडील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना उपयुक्त ठरेल.

यादवीतून आलेला विचार

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी ब्रिटिश अमलातून मुक्त झाला. या देशात अडीचशेहून अधिक जनसमूह आहेत. त्यांपैकी उत्तरेकडील हौसा व फुलानी, नैर्ऋत्येकडील योरुबा आणि आग्नेयेकडील इग्बो हे संख्येने मोठे. उत्तरेत प्रामुख्याने इस्लामचे अनुयायी, तर आग्नेयेत बहुसंख्य ख्रिस्ती. स्वातंत्र्यानंतर सहाच वर्षांत, १९६६ मध्ये, लष्कराने दोनदा सत्ता उलथून टाकली. त्याच वर्षी उत्तरेतील नगरांतून इग्बो लोकांचे हत्याकांड झाले. वर्षानुवर्षे तेथे नोकरी-व्यापार करीत असलेली लक्षावधी माणसे जीव मुठीत धरून पूर्वेकडे परतली. ३० मे १९६७ रोजी पूर्व भागाने ‘बिआफ्रा’ या नावाने स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली आणि यादवी युद्धास तोंड फुटले. १५ जानेवारी १९७० रोजी ते संपले, तोवर रणांगणावर आणि त्याहूनही अधिक उपासमारीने लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले होते.

युद्ध संपताच राष्ट्रप्रमुख जनरल याकुबू गोवन यांनी या युद्धात कोणी विजेता नाही व कोणी पराजितही नाही, अशी भूमिका घेतली. सलोखा, पुनर्वसन व पुनर्रचना ही तीन उद्दिष्टे सरकारने जाहीर केली. रस्ते व पूल पुन्हा बांधता येतात. पण ज्या नगरातून आपले आप्त मारले गेले किंवा हाकलले गेले, त्या नगराविषयीचा संशय कसा दूर करावयाचा, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाचे मूळ नगरांच्या रचनेतही होते. उत्तरेतील कानो हे शतकानुशतके सहारापारच्या व्यापाराचे केंद्र असलेले, तटबंदीचे जुने शहर. ब्रिटिश काळात तेथे बाहेरून आलेल्या दक्षिणी लोकांसाठी तटाबाहेर वेगळी वस्ती वसविण्यात आली. तिला ‘साबोन गारी’, म्हणजे नवे गाव, असे म्हणतात. अशा वस्त्या उत्तरेतील इतर नगरांतही आहेत. परिणामी, दक्षिणेतील माणूस वीस वर्षे कानोत राहिला तरी त्याचा शेजार, त्याचे प्रार्थनामंदिर व त्याची भाषा ही सारी त्याच्या मूळ गावचीच राहू शकत. एका नगरात राहणे आणि एकमेकांसह राहणे यांत किती अंतर असू शकते, हे १९६६ साली दिसून आले.

म्हणून २२ मे १९७३ रोजी काढण्यात आलेल्या हुकुमात सेवेबरोबरच सहवासाची तरतूद करण्यात आली. तरुणांना शक्यतो स्वतःच्या राज्याबाहेर नेमावे. एकत्र काम करणारा प्रत्येक गट शक्य तितका सर्व देशाचे प्रतिनिधित्व करणारा असावा. देशाच्या निरनिराळ्या भागांतील राहणीचा तरुणांना प्रत्यक्ष परिचय व्हावा. आणि सेवाकाळानंतर त्यांनी देशात कोठेही नोकरी पत्करण्यास उत्सुक व्हावे, अशी उद्दिष्टे त्यात नमूद आहेत. प्रारंभी विद्यार्थ्यांनी या सक्तीस विरोध केला व विद्यापीठांतून निदर्शने झाली. तथापि सरकार निर्णयावर ठाम राहिले. पहिल्या वर्षी अडीच हजारांहूनही कमी पदवीधर दाखल झाले होते; आता दर वर्षी ही संख्या तीन लाखांच्या वर जाते.

गोवन १९७५ साली सत्तेवरून दूर झाले, परंतु योजना राहिली. १९९३ साली जुन्या हुकुमाच्या जागी नवा कायदा आला. १९९९ च्या राज्यघटनेने त्याला असे संरक्षण दिले आहे, की घटनादुरुस्तीसाठी लागणाऱ्या बहुमताखेरीज तो रद्द करता येत नाही.

वर्षाची आखणी

सेवेचे वर्ष चार टप्प्यांत विभागलेले असते. पहिला टप्पा तीन आठवड्यांच्या प्रारंभिक शिबिराचा. ज्या राज्यात नेमणूक झाली तेथील शिबिरात देशाच्या सर्व भागांतून आलेले तरुण-तरुणी एकत्र येतात. पहाटे बिगुल वाजतो. कवायत, शारीरिक शिक्षण, व्याख्याने, स्वयंपाकाच्या व नृत्य-नाट्याच्या स्पर्धा असा दिवसभराचा भरगच्च कार्यक्रम असतो. खाकी गणवेश, बूट व दलाचे चिन्ह असलेला सदरा सर्वांना सारखाच मिळतो. तुकड्या पाडताना एका विद्यापीठाचे वा एका भागाचे तरुण एकत्र येणार नाहीत, अशी काळजी घेतली जाते. यजमान राज्याचा इतिहास, रूढी व तेथील भाषेची तोंडओळखही याच शिबिरात करून देण्यात येते.

शिबिराच्या अखेरीस प्रत्येकाच्या हाती नेमणुकीचे पत्र पडते आणि दुसरा टप्पा सुरू होतो. हा मुख्य कामाचा टप्पा होय. डॉक्टर व औषधनिर्माते रुग्णालयांत, अभियंते सार्वजनिक बांधकामात, कृषिपदवीधर शेतीखात्यात अशा नेमणुका होतात. मात्र सर्वांत मोठी संख्या शाळांतून शिकविणाऱ्यांची असते. गणित व विज्ञान यांचे शिक्षक ज्या शाळांना एरवी मिळत नाहीत, अशा कित्येक शाळा या तरुणांवरच चालतात.

तिसरा भाग सामाजिक विकासकार्याचा. तो मुख्य कामाबरोबरच चालतो. आठवड्यातील एक दिवस यासाठी राखून ठेवलेला असतो. आरोग्यशिक्षण, रस्ता सुरक्षा, स्वच्छता, साक्षरता, मतदार जागृती असे गट असतात. काही सेवक स्वतःच्या कल्पनेने एखादी विहीर, शाळेची खोली किंवा वाचनालय उभारण्याचे काम हाती घेतात आणि त्यासाठी स्थानिक लोकांकडून साहाय्य मिळवितात.

चौथा टप्पा समारोपाचा. संचलन होते व प्रमाणपत्र दिले जाते. या प्रमाणपत्राचे महत्त्व फार मोठे आहे. पदवीधरास नोकरी देताना ते मागून घेणे मालकावर कायद्याने बंधनकारक असून, सेवा टाळणे हा दंड किंवा कारावासास पात्र असा गुन्हा आहे. सेवाकाळात केंद्र सरकारकडून निर्वाहभत्ता मिळतो. २०२० पासून तो दरमहा ३३,००० नायरा होता. २०२५ साली ७७,००० नायरा या दराने देण्यास सुरुवात झाली.

परकेपणाची शाळा

या योजनेचे खरे शिक्षण मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही. ते रोजच्या व्यवहारात घडते. दक्षिणेकडील दमट, घनदाट झाडीच्या प्रदेशात वाढलेला तरुण कानो किंवा सोकोटो येथे पोचतो, तेव्हा नोव्हेंबरनंतर सहाराच्या वाळवंटाकडून येणारे ‘हरमॅटन’ नावाचे कोरडे, धुळीने भरलेले वारे त्याची पहिली परीक्षा घेतात. ओठ फुटतात, आकाश मळकट होते, पहाटे थंडी वाजते. रताळ्यासारख्या दिसणाऱ्या ‘याम’ या मोठ्या कंदावर पोसलेल्या त्याच्या जिभेला बाजरीचे गोळे दुधा-दह्यात कालवून केलेला ‘फुरा’ नवा असतो. आपल्याकडील ताक-भाकरीवर वाढलेल्या माणसास कदाचित त्यात काहीच नवल वाटणार नाही! बाजारात ‘सन्नू’ असे अभिवादन केल्याखेरीज भाव विचारू नये, परक्या घरात स्त्रियांच्या भागात पाऊल टाकू नये, शुक्रवारी दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी कामाची घाई करू नये, हे त्यास एकेक करून कळत जाते.

उलटपक्षी उत्तरेकडील तरुण इबादानसारख्या योरुबा नगरात जातो, तेव्हा तेथील मुले वडीलधाऱ्यांपुढे जमिनीवर आडवी होऊन वंदन करतात आणि मुली गुडघे टेकतात, हे पाहून चकित होतो. एनुगूसारख्या इग्बो नगरात पाहुण्यास प्रथम कोलाचे फळ दिले जाते आणि ते फोडण्यापूर्वी वडीलधारी व्यक्ती प्रार्थना करते, हे त्यास शिकावे लागते. ज्यांच्याविषयी आजवर केवळ ऐकिवात गोष्टी होत्या, ती माणसे आता त्याचे मुख्याध्यापक, घरमालक, किराणा दुकानदार आणि विद्यार्थी झालेली असतात.

येथे प्रवासी आणि सेवक यांतील भेद लक्षात घ्यावा. प्रवासी नगर पाहतो. सेवकास नगराशी व्यवहार करावा लागतो. पर्यटकाने भाषा न शिकल्यास त्याचे काही अडत नाही, पण वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचे पदोपदी अडते. शिवाय सेवकास स्थानिकांकडून मिळणारा मान त्याच्या पदवीवर किंवा कुळावर अवलंबून नसतो, तर त्याने त्यांच्यासाठी काय केले यावर ठरतो. परकेपणाची ही उणीव कामातून भरून काढावी लागते, हेच या वर्षाचे सार होय.

फलित

असे एक वर्ष माणसाच्या मनात खरोखरच काही पालट घडविते काय? ओयेबोला ओकुनोग्बे या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. नेमणुकीचे राज्य बऱ्याच अंशी योगायोगाने ठरत असल्याने, स्वतःच्या जनसमूहाच्या प्रदेशात सेवा केलेले आणि इतरांच्या प्रदेशात सेवा केलेले, अशा दोन गटांची तुलना त्यांना सेवेनंतर अनेक वर्षांनी करता आली. परप्रदेशात सेवा केलेल्यांमध्ये राष्ट्राविषयीचा अभिमान व देशाच्या इतर भागांचे ज्ञान अधिक आढळले, तसेच आपल्या प्रदेशाबाहेर जाऊन राहण्याची तयारीही अधिक दिसून आली. विशेष म्हणजे त्यांची स्वतःच्या जनसमूहाविषयीची आपुलकीही कमी झाली नव्हती. उलट ती वाढलेली होती. दुसऱ्याचे घर जवळून पाहिले म्हणजे आपल्या घराची ओळखही अधिक स्पष्ट होते, असाच याचा अर्थ घ्यावयास हवा. राष्ट्रीय ऐक्यासाठी प्रादेशिक अस्मिता पुसून टाकावी लागते, या समजुतीस या निष्कर्षाने छेद दिला आहे.

याखेरीज, सेवाकाळात परस्परांशी परिचय होऊन झालेले आंतरसमूह विवाह आणि नेमणुकीच्या गावीच कायमचे स्थायिक झालेले पदवीधर ही नायजेरियात नेहमी आढळणारी उदाहरणे आहेत. निवडणुकांच्या वेळी मतदान केंद्रांवरील कामासाठी स्थानिक गटातटांपासून अलिप्त असे हे सुशिक्षित तरुण मोठ्या संख्येने उपलब्ध होतात, हाही एक लाभ.

उणिवा व वेदना

तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगितल्याखेरीज ते पूर्ण होणार नाही. एप्रिल २०११ मधील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर उत्तरेत दंगली उसळल्या. त्यांत बाउची राज्यात निवडणुकीचे काम करीत असलेले दहा युवक सेवक मारले गेले. ज्यांना ऐक्याचे दूत म्हणून पाठविले, तेच परके म्हणून बळी पडले. या घटनेने सारा देश हादरला. ईशान्येकडील राज्यांत सशस्त्र बंडखोरी पसरल्यावर तेथील शिबिरे अन्य राज्यांत हलवावी लागली. तरुणांना घरापासून दूर पाठविणाऱ्या शासनावर त्यांच्या जीविताची जबाबदारी किती मोठी असते, हे यावरून उघड होते.

असुरक्षिततेबरोबर बदलीची मागणी वाढली. विवाहित स्त्रियांना पतीच्या गावी नेमणूक, प्रकृतीच्या कारणास्तव बदली अशा सवलती रास्तच आहेत. परंतु लागोस व आबुजा या मोठ्या शहरांकडे वशिल्याने बदल्या करून घेण्याची तक्रारही जुनी आहे. वजनदार कुटुंबातील मुले राजधानीत आणि सामान्यांची मुले सीमेवरील गावात, असे होऊ लागले की समान सेवेचा पायाच ढासळतो.

तिसरी अडचण यजमान संस्थांची. काही ठिकाणी नेमून दिलेल्या सेवकास संस्था स्वीकारीतच नाहीत, काही ठिकाणी राहण्याची सोय नसते, तर काही ठिकाणी अभियंत्यास कारकुनी करावी लागते. ज्या शाळेस दर वर्षी स्वस्तात शिक्षक मिळतो, ती कायम शिक्षक नेमण्यास टाळाटाळ करू लागते. आणि वर्ष संपताच तो शिक्षक निघून जातो. शिवाय प्रमाणपत्र मिळाले तरी नोकरीची हमी नाही, हे सुशिक्षित बेकारीचे वास्तव आहेच. ही सर्व कारणे पुढे करून योजना बंद करावी, असे विधेयक २०२१ साली तेथील संसदेपुढे चर्चेस आले होते. ते संमत झाले नाही. वाद मात्र चालू आहे.

भारतातील विचार

अशाच प्रकारच्या सेवेचा विचार भारतात नायजेरियाच्याही आधी झाला होता, आणि त्यात महाराष्ट्रातील विचारवंतांचा मोठा वाटा होता. १९५९ साली केंद्र सरकारने डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा असावी, अशी शिफारस या समितीने केली. खर्च व अंमलबजावणीतील अडचणी लक्षात घेता ती स्वीकारली गेली नाही. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर समाजसेवेस स्थान असावे असे सुचविले. कोल्हापूर भागातून पुढे आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. या विचारमंथनाची परिणती गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेत झाली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली.

भारताने सक्तीऐवजी स्वेच्छेचा आणि सलग वर्षाऐवजी शिक्षणाबरोबरच्या सेवेचा मार्ग पत्करला. दोन वर्षांत २४० तासांचे काम व दत्तक गावातील सात दिवसांचे शिबिर ही आपल्या योजनेची परिचित रूपरेषा होय. तिच्यात शिक्षणास खंड पडत नाही आणि प्राणहानीची जोखीम नाही, ही तिची बलस्थाने. मात्र विद्यार्थी बहुधा आपल्याच जिल्ह्यातील, आपलीच भाषा बोलणाऱ्या गावी जातो आणि आठवड्याने परततो. त्यामुळे अपरिचित समाजात टिकून राहण्याचे शिक्षण त्यास क्वचितच मिळते. दोन्ही मार्गांचे लाभ एकाच योजनेत मिळत नाहीत, हे ओळखून निवड करावी लागते.

यजमानांचे कर्तव्य

नायजेरियाची सक्ती आपण स्वीकारावी, असा या लेखाचा आशय नाही. पण तेथील अनुभवातून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. परक्या ठिकाणची सेवा यशस्वी होते की नाही, हे जाणाऱ्याच्या उत्साहाइतकेच घेणाऱ्याच्या तयारीवर अवलंबून असते. ही तयारी आपल्याकडेही आवश्यक आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या डॉक्टरांना महाराष्ट्रात एक वर्षाची शासकीय सेवा बंधनकारक आहे. शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका यांच्याही नेमणुका दूरच्या जिल्ह्यांत होतात. पुण्यात वाढलेला डॉक्टर मेळघाटात पोचतो तेव्हा त्यास कोरकू येत नाही. कोकणातील शिक्षिका धडगाव भागात जाते तेव्हा तेथील पावरी बोली तिला अनोळखी असते. आणि गडचिरोलीच्या अंतर्भागात माडिया वा गोंडी समजणाऱ्या माणसावाचून अडते. महाराष्ट्राच्या सीमेतच माणूस परका होऊ शकतो, हे आपण पुष्कळदा विसरतो.

अशा वेळी पंचायतीस पुष्कळ करता येण्याजोगे आहे आणि त्यास मोठ्या निधीची गरज नाही. नवा माणूस येण्यापूर्वी त्याच्या राहण्याची सुरक्षित व स्वच्छ जागा ठरवावी. स्त्री-कर्मचारी असेल तर शेजार कोणता हे आवर्जून पाहावे. पहिल्या ग्रामसभेत त्याचा सर्वांशी परिचय करून द्यावा. बोली शिकविण्यासाठी व रीतिरिवाज सांगण्यासाठी गावातील एका जाणत्या व्यक्तीवर जबाबदारी सोपवावी. शाळेतील अनुभवी शिक्षकाने नव्या सहकाऱ्यास पहिले दोन-तीन महिने सोबत करावी. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी नेमणुकीचे काम त्याच्या शिक्षणास साजेसे आहे ना, हे पहिल्याच महिन्यात तपासावे; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेमणुका व बदल्या सर्वांना समान नियमाने व्हाव्यात. नियम सर्वांना सारखा आहे अशी खात्री असली, की माणूस गैरसोय सहन करतो. अन्याय मात्र त्यास सहन होत नाही.

निरोपाचाही विचार व्हावा. वर्षभर काम करून माणूस निघून गेला आणि मागे काहीच उरले नाही, तर ते श्रम वाया जातात. त्याने केलेल्या नोंदी, सुरू केलेले उपक्रम, ओळखलेले रुग्ण व शाळेबाहेर राहिलेली मुले यांची माहिती लेखी स्वरूपात पुढील व्यक्तीच्या हाती पडेल, अशी व्यवस्था पंचायतीने व कार्यालयाने केली पाहिजे. असे झाले म्हणजे येणारा प्रत्येक नवा सेवक आधीच्याच्या श्रमांवर पुढची उभारणी करू शकेल.

नायजेरियाने एका भीषण यादवीची किंमत मोजल्यावर आपल्या तरुणांना परस्परांच्या दारी पाठविले. आपणास तेवढी किंमत मोजावी लागलेली नाही. बाहेरून आलेल्या एका शिक्षकास, एका डॉक्टरास वर्षभरात आपलेसे करणे, एवढेच काम प्रत्येक गावाने मनावर घेतले, तरी त्या माणसाच्या सेवेचे चीज होईल आणि गावाचेही हित साधेल.